गुरुवारची शाबासकी

— सही करतो हो, पळून नाही चाललो मी. बसा. ती खुर्ची ओली आहे, ही घ्या. तर माझीच मुलगी माझा तलाव सोडून तुमच्या क्लबात पोहायला जाणार, आणि त्याला तिच्या प्रशिक्षकाची, म्हणजे माझीच सही लागणार — गंमतच आहे की नाही? असू दे. पण काय घेऊन चाललाय ते तरी कळू दे तुम्हाला. हा भिंतीवरचा तक्ता बघा. अठरा वर्षांची पद्धत आहे ही. शाबासकी रोज दिली की पोरं शेफारतात, कधीच नाही दिली की कोमेजतात — मग करायचं काय? अवचित द्यायची! कधी तिसऱ्या दिवशी, कधी नवव्या. कधी मिळेल ते कळेनासं झालं की पोर जीव तोडून पोहतं. मानसशास्त्र आहे हे, विचारा तुमच्या क्लबातल्या प्रशिक्षक बाईंना — त्यांना नसेलच माहीत म्हणा. एक तारखेलाच चिठ्ठ्या टाकून मी महिन्यातले शाबासकीचे दिवस ठरवतो. लाल खूण असेल त्या दिवशी पाठीवर थाप. भावनेला वावच नाही. घरीसुद्धा तेच — बायकोच्या भाजीचं कौतुक मी दर — जाऊ द्या, ती सध्या माहेरी आहे.

तिच्या सुवर्णपदकाचं कानावर आलंच असेल. गेल्या आठवड्यात मंगळवारी मिळालं. सगळ्यांच्या चांगली हातभर पुढे होती पोरगी. पाण्यातून बाहेर आली ती सरळ माझ्यापुढे पाठ करून उभी राहिली — कुडकुडत. का उभी आहे ते कळत होतं मला, दगड नाहीये मी. पण लाल खूण गुरुवारी होती. आज नियम मोडला तर उद्या पद्धतीला विचारतो कोण? आणि दिली की, गुरुवारी दिली! ती भांडी विसळत होती, मागून जाऊन दिली सणसणीत. दचकली, हातातला कप फुटला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. आता एका कपावरून एवढं?

बरं, एक सांगा. आठवडाभर येतेय ना ती तुमच्याकडे — पाण्यातून बाहेर आली की तुमच्या बाई काय म्हणतात तिला? — काहीच नाही? — नुसता टॉवेल देतात? रोज? — मागे पडली तरी?

द्या ते पेन.

हं, झाली सही. बाईंना सांगा, टॉवेल मोठा ठेवा म्हणावं, तिला थंडी फार वाजते. निघा आता, माझी बॅच थांबलीय.