वन्संच्या पोटातलं

नाही हो, रक्त नाही द्यायचं. रक्त असतं तर मी मागे राहिले असते का? शी. बरोबर ऐकलंत — निरोगी माणसाची शी गाळून, सलाइनमध्ये मिसळून, दुर्बिणीच्या नळीतून यांच्या आतड्यात सोडतात. असं तोंड करू नका, मीही पहिल्यांदा असंच केलं होतं. बसा, तुमच्या मिस्टरांना काही एवढ्यात बाहेर आणत नाहीत.

त्याचं असं झालं — यांची दाढ दुखली. दाढेसाठी गोळ्या, मग त्या बदलून आणखी जबर गोळ्या. दाढ थांबली आणि पोट सुरू झालं. तीन महिने जुलाब. डॉक्टर म्हणाले, आतड्यात बरेवाईट जंतू एकमेकांना धाकात ठेवून नांदत असतात. गोळ्यांनी बरे मेले, आणि एक दांडगा उरला तो सगळं घर बळकावून बसला. औषध दिलं की दबतो, थांबवलं की पुन्हा हजर. मी म्हटलं, घरचं दही देते, ताक देते. तर म्हणाले, काकू, गाव ओस पडल्यावर चार पाहुणे येऊन काय होणार, वस्तीच न्यायला हवी. मग वस्ती कुणाची न्यायची? बायकोची, नाही का? तीस वर्षं एका कढईतलं खातोय आम्ही.

नापास केलं मला. का — तर गेल्या महिन्यात खोकल्यासाठी मी पाच दिवस तसल्याच गोळ्या घेतल्या होत्या. यांच्या उशाशी जागून झालेला खोकला, पण ते तपासणीत कुठे दिसतं? आणि पास कोण, तर आमच्या वन्सं. यांची थोरली बहीण, शालन, लोणी काळभोरला असतात. पासष्टीच्या, पण बी.पी. नाही, एक गोळी नाही. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, उत्तम. शीला उत्तम म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि हे — आजारात कधी हसले नव्हते, ते हसले. "अक्काचंच जुळणार," म्हणाले. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी. अक्काची भाकरी, अक्काचं वांगं, अक्काचा ठेचा. आता अक्का थेट आतच, आणि मी बाहेर बाकावर.

मत्सर? छे, या वयात कसला मत्सर. वन्संचा पहिला डोस दिल्यावर चार दिवस बरे होते ना — भूक लागली म्हणाले, मी मऊ खिचडी केली, तर म्हणे, अक्काकडची भाकरी मिळेल का? जिभेलासुद्धा तिकडचीच चव चढली बघा. मग काल पुन्हा सुरू. सकाळी डॉक्टर म्हणाले, पहिला डोस टिकला नाही, दुसरा द्यावा लागेल — आणि खरं सांगू, ते ऐकून मला इतकं — म्हणजे वाईटच वाटलं. वाईटच. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकतं हो यांचं. बाथरूममध्ये भिंतीला धरून उभे असतात आणि मला आत येऊ देत नाहीत. लाज वाटते म्हणतात. बायकोची.

तर मी डॉक्टरांना एकच विचारलं — हे जंतू जगतात कशावर? म्हणाले, माणूस खातो त्यावर. खाणं बदललं की वस्तीही थोडी बदलते. थोडी तर थोडी. दुसरा डोस पुढच्या गुरुवारी. लगेच वन्संना फोन लावला — म्हटलं, एवढ्या लांबून कशाला दगदग, आजपासून कर्वेनगरला आमच्याकडेच राहा. त्या बिचाऱ्या गहिवरल्या. मी सगळं योजून ठेवलंय — सकाळी नाचणीची आंबील, मग पालेभाजी, मुगाची उसळ, घरचं ताक. आठवडाभर माझ्या हातचंच, बाहेरचा कण नाही. मग गुरुवारी यांच्या आत जे जाईल ते — तुम्हीच सांगा, निम्मं कुणाचं?

हसू नका. त्या निळ्या पातळातल्या येतायत ना पिशवी घेऊन, त्याच. सरका जरा तिकडे, आणि यातलं एक अक्षर बोलू नका.

या वन्सं, बसा, दमलात ना? काय आणलंय — भाकरी? द्या ती पिशवी इकडे, राहू दे. आधी माझ्या डब्यातलं खा.