सतरा मतं आणि आठ मीटर वायर

सन्माननीय अध्यक्ष तात्याराव, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती अमीनभाई, जुबेदाभाभी, वडिलांना सोलापूरला न्यायला आलेली त्यांची लेक शाइस्ता, आणि सदाशिव पेठेत स्कूटर लावायला जागा मिळवून इथवर पोहोचलेले आपण सर्व श्रोते,

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. खडकीच्या कारखान्यात युनियनचं काम करताना दहा मिनिटं मला घसा साफ करायलाच लागायची. पण आज थोडक्यात बोलणार आहे. कारण मला एक चूक कबूल करायची आहे, आणि चूक लांबवली की तिचं समर्थन होतं.

आपल्या श्रवण मंडळाचे हे दोन स्पीकर सर्वांना ठाऊक आहेत. दाराच्या फळीसारखे उंच. आत नेहमीचा कागदी कोन नाही. दोन जाळ्यांच्या मधे कांद्याच्या सालीहून पातळ पडदा, तो विजेच्या ओढीवर थरथरतो. अकरा वर्षांपूर्वी ते आले, तेव्हा प्रश्न उभा राहिला, वायर कोणती? कसबा पेठेत चाळीस वर्षं अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे अमीनभाई म्हणाले, "साहेब, जाडी सोडा, लांबी बघा. हे स्पीकर नाजूक आहेत. वायर लांबली की वरचे बारीक सूर वाटेतच गळतात. अॅम्प्लिफायर स्पीकरच्या पायाशी ठेवा. दीड मीटर पुरे."

मला ते पटलं नाही. खरं सांगू? अॅम्प्लिफायर मला माझ्या खुर्चीजवळ हवा होता. आवाजाचं बटण दुसऱ्याच्या हातात राहील, हे मला सोसलं नसतं. मग मी काय करावं? अंगठ्याएवढ्या जाड, आठ मीटर लांब वायरच्या बाजूने चाळीस मिनिटं बोललो. तांब्याची थोरवी सांगितली, श्रमिकांचा घाम आणला, मध्येच राज्यघटनाही आणली. आणि मतदान घेतलं. सतरा विरुद्ध एक.

अमीनभाई उठले, म्हणाले, "ठराव मंजूर. आता सुरांना कळवा." आणि ती आठ मीटर वायर त्यांनी स्वतःच्या हातांनी जोडली.

मतदानावर माझा विश्वास आजही अढळ आहे. ज्यांना शतकानुशतकं कोणी विचारलंच नाही, त्यांच्या घरात मी जन्मलो. मताची किंमत मला कोणी शिकवू नये. पण जिथे हात वर करायचा नसतो, कान द्यायचा असतो, तिथेही मी हातच वर करायला लावले. घरी माझी पत्नी मैत्री तेव्हाच म्हणाली होती, "अहो, त्या माणसाला काहीतरी ऐकायचंय. तुम्हाला फक्त बोलायचंय."

काय ऐकायचं होतं? तरुणपणी अमीनभाईंनी मुक्ताईबाईंच्या गाण्याच्या एका बैठकीला माइक लावले होते. बाईंपासून दोन हातांच्या अंतरावर बसून त्यांनी ती बैठक टेप केली. ते सांगतात, सूर लावण्याआधी बाई एक श्वास घ्यायच्या. इतका हळू, की शेजारी झोपलेलं मूल जागं होऊ नये. तो श्वास टेपवर आहे, हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या आठ मीटरच्या पलीकडे तो कधी आलाच नाही. दर रविवारी सकाळी ते स्पीकरमागे उभे राहून वाट बघायचे, आणि मी बटण फिरवत म्हणायचो, "वा, काय तांबं आहे!"

गेल्या महिन्यात हॉलला रंग दिला. सामान भिंतीशी सरकलं, अॅम्प्लिफायर स्पीकरजवळ आला. अमीनभाईंनी दुकानातला दीड मीटरचा तुकडा लावला, तीच टेप चढवली. मंडळातली आपली पूर्वा खुर्चीत दचकली, मागे वळून म्हणाली, "कोण आहे?" मागे कोणीच नव्हतं. बाई श्वास घेत होत्या.

स्पीकरमागून अमीनभाईंनी विचारलं, "आला का?"

मला वाटलं, गंमत करताहेत. मग त्यांचा चेहरा पाहिला. वरचे बारीक आवाज त्यांच्या कानांना दोन वर्षांपासून येत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. अकरातली नऊ वर्षं त्या कानांना तो श्वास ऐकू आला असता. नऊ वर्षं, मंडळी! माझ्या एका भाषणाने ती खाल्ली.

मी म्हणालो, "आला." आयुष्यात याहून लहान भाषण मी केलेलं नाही.

या स्पीकरचा सूर नीट लागतो तो एकाच, मधल्या खुर्चीत. अमीनभाई तिथे कधी बसले नाहीत. ते कायम मागे. काल मी विनंती केली, "उद्या तुम्ही बसा."

"बसून काय करू साहेब? मला कुठे ऐकू येणार?"

"श्वास आला की मी सांगेन."

"तुम्ही सांगणार? मग चाळीस मिनिटं धरा."

"नाही. नुसता हातावर हात ठेवीन."

ते म्हणाले, "वेळेवर ठेवा म्हणजे झालं."

अमीनभाई, या आता, मधली खुर्ची आपली आहे. अध्यक्षांचे, मंडळाचे आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपले मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. फक्त ती आठ मीटर घालू नका, ती माझ्याकडेच राहू द्या.

आणि एक विनंती. मी खाली बसल्यावर टाळ्या वाजवू नका. टेपच्या सुरुवातीलाच तो श्वास आहे.

पूर्वा, लाव.