मंजुळाबाईंचं वाकडं बोट

निगडीच्या बसथांब्यावर वर्षालीच्या पुढं कंपनीच्या गणवेशातला एकजण मोबाइलवर फुटबॉलच्या सामन्यातला गोल बघत होता. वर्षालीच्या शेजारच्या म्हातारीनं, मंजुळाबाईंनी, मान वाकडी करून पाहिलं.

"महाळुंग्याची उत्कर्षा, आजी. देशासाठी पंचावन्नावा गोल. आपल्याकडं आजवर इतके कुठल्याच मुलीनं मारले नाहीत," वर्षालीनं सांगितलं.

"गोलकीपर फसली. उत्कर्षा बघती उजवीकडं अन् मारती डावीकडं."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"नात हाय माझी. गोलात हुबं ऱ्हायला कुणी न्हवतं, म्हणून पदर खोचून मीच ऱ्हायची. ह्ये बोट तवाच वाकडं झालं."

"अडवायचा तिचे गोल?"

"सहावीपर्यंत समदे. सातवीत एकबी हाताला लागंना. तवाच लेकाला म्हटलं, पोरीला पुण्याला धाड, हितं आता तिच्याम्होरं कोण टिकायचं न्हाई."