पहिली टाळी

"तुम्ही मागं बसा, अन् हात मांडीखाली दाबून ठेवा!" विद्यापीठातल्या लोकप्रशासन विभागाच्या हॉलसमोर, रांगेतच तुळसाबाई नवऱ्यावर भडकली.

"काहून? पोरगी माही नाही का?" आनंदरावानं टोपी सारखी केली.

"म्हणूनच! मागच्या भाषणात सुमेधा पाणी प्यायाले थांबली, तं तुम्ही टाळ्या वाजवल्या."

"मले वाटलं, झालं."

"अर्धंही नव्हतं झालं! सारा हॉल पाहून राहिला होता."

"मंग त्यायनं बी वाजवल्याच ना!"

"अन् तिले कसं वाटलं असंन?"

"हासली थे. गिलास तोंडाले लावून हासली."

"आज रेशनवर बोलणार हाय. मोठे मोठे साहेब आले. आज नको, हात जोडते."

"उमरेडले रेशनच्या रांगेत तू तिले कडेवर घेऊन उभी राहायची. आज साहेब लोक तिच्यासाठी रांगेत हायेत, अन् मी मागं बसू?"

"चिडली तं?"

"तिनंच सांगितलं. बाबा, पुढंच बसा म्हणे, घसा सुकला का तुमच्याकडं पाहीन."

"मले नाही सांगितलं!"

"तू भांडशीन म्हणून. तुही खुर्ची बी माह्या बाजूलेच हाय, माहे हात धराले. भांडण सोड वं आता, घंटी झाली. चाल, अंदर जा लागते."