काटा स्थिरावेपर्यंत

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या तराजू-तपासणी कार्यशाळेचे संचालक, आदरणीय साहेब. व्यासपीठावर बसलेल्या प्रमुख पाहुण्या, सर्वांच्या परिचयाच्या डॉक्टरबाई. ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या शून्यताई. पहिल्या रांगेत बसलेले ताईंचे यजमान. आणि मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, खुर्च्या कमी पडल्या म्हणून माझ्याकडे रागाने बघणाऱ्या माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. ताईंच्या शेजारच्या टेबलावर बसून माझं अर्धं आयुष्य गेलं, ते पाच मिनिटांत कसं बसवायचं? पण साहेबांचा शब्द म्हणजे शब्द. मी प्रयत्न करतो, जमलं नाही तर साहेबांनी घंटी वाजवावी.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे दोन विभाग आहेत. मागच्या अंगणात मालमोटारींचे मोठे काटे तपासले जातात. तिथे धूळ, आरडाओरडा आणि टनांचा कारभार. आणि आत, दोन दारांच्या पलीकडे, आमची सूक्ष्म तराजूंची खोली. तिथे पंखा नाही. जोरात हसायचं नाही, शिंकायचं असेल तर बाहेर जाऊन शिंकायचं. सकाळी खोली उघडली की तासभर काहीही करायचं नाही, कारण आपल्या अंगाच्या उबेनेसुद्धा तराजू बिथरतो. त्या खोलीचा एकच कायदा: चिमट्याने एक वजन ठेवायचं, हात मागे घ्यायचा आणि काटा स्थिरावेपर्यंत थांबायचं. तो हलत असताना दुसरं वजन ठेवणारा माणूस ताईंनी खोलीबाहेर काढलेला मी पाहिला आहे. तो माणूस साहेबांचा पाहुणा होता. साहेब, क्षमा असावी.

आणि ‘शून्यताई’ हे नाव का? कुणीही काहीही विचारलं की ताईंचा पहिला प्रश्न: “आधी शून्य पाहिलंत का?” रिकामं पारडं बरोबर शून्यावर नसेल तर पुढचं सगळं खोटं. भाजीवाल्यालाही त्या हेच विचारतात. तो बिचारा आता ताई दिसल्या की स्वतःहून पारडं रिकामं करून दाखवतो.

तर अशा या ताई, काही वर्षांपूर्वी हळूहळू मंद होत गेल्या.

मंद म्हणजे कशा? ज्या खोलीत आम्ही बाह्या वर करून बसायचो तिथे त्या स्वेटर घालून बसू लागल्या. आवाज घोगरा झाला. चेहरा सुजल्यासारखा, केस विरळ. जेवण कमी झालं तरी अंग वाढत होतं. जे काम त्या चहाच्या आधी संपवायच्या ते जेवणानंतरही उरू लागलं. बोलता बोलता शब्द सापडायचा नाही आणि त्या चिमटा हातात धरून नुसत्या बघत राहायच्या. आम्ही काय म्हणालो? जे सगळे म्हणतात तेच. वय झालं. घरात काहीतरी असेल. मनाला लावून घेतलंय. एवढी मोजमापं करणारी माणसं आम्ही, पण रक्त तपासून बघा असं एकालाही सुचलं नाही.

सुचलं ते डॉक्टरबाईंना. ताई खोकल्याचं औषध मागायला गेल्या होत्या. बाईंनी त्यांचा आवाज ऐकला, हात हातात घेतला, त्वचा पाहिली आणि रक्त द्यायला पाठवलं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काम करेनाशी झाली होती. ती जे संप्रेरक तयार करते, त्याच्यावर सगळ्या शरीराची गती चालते. तेच आता कारखान्यात तयार झालेल्या गोळीतून, रोज, बहुधा जन्मभर घ्यायचं.

गोळी सुरू झाली आणि थोड्याच महिन्यांत ताई परत आल्या. स्वेटर गेला. आवाज मोकळा झाला. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या तराजूची चूक काढली, तेव्हा मला बरं वाटलं. एरवी वाटत नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ताईंनी गोळीचं पाकीट वाचलं. त्यावर औषधाचं माप लिहिलेलं होतं मायक्रोग्रॅममध्ये! आमच्या धंद्यातल्या माणसाला मायक्रोग्रॅम दाखवणं म्हणजे मांजराला दुधाचं भांडं दाखवणं. त्यात झालं असं की, ताईंना काही दिवस छान जायचे आणि काही दिवस पुन्हा तोच जडपणा. आता याचं कारण पहिल्या रांगेत बसलं आहे.

ताईंचे यजमान पहाटे उठून चहा करतात. बायकोवर माया फार. ताई उठल्या की एका हातात कप आणि दुसऱ्या हातात सगळ्या गोळ्या एकदम, म्हणजे विसरायला नको. थायरॉइडची, हाडांसाठीची कॅल्शियमची, सगळ्या. ही थायरॉइडची गोळी मात्र एकलकोंडी. तिला रिकामं पोट आणि साधं पाणी लागतं. चहा, कॉफी, नाश्ता जवळ आला की ती अंगात नीट शिरत नाही, आणि कॅल्शियम, लोह यांच्यापासून तर तिला काही तास लांब ठेवावं लागतं. हे डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. ताईंनी मान डोलावली होती. पण नवऱ्याने प्रेमाने पुढे केलेला कप कोण परत करतं?

ताईंना संशय आला तो गोळ्यांवर. एका संध्याकाळी काम संपल्यावर त्यांनी गोळ्या सूक्ष्म तराजूवर ठेवल्या. मी विचारलं, “हा नमुना कुणाचा?” म्हणाल्या, “माझाच.” आणि खरंच, प्रत्येक गोळीचं वजन किंचित वेगळं निघालं. केवढा आनंद! “सापडली चूक!” मग आमच्या ताईंनी ते केलं जे जगात फक्त आमच्या खोलीतला माणूस करील. त्या स्वतःला तराजू समजून दुरुस्त करू लागल्या. अंग जड वाटलं की दुसऱ्या गोळीचा चिमूटभर तुकडा जास्त. छाती धडधडली की कानस लावून तेवढा कमी. पण जड वाटण्याचे दिवस जास्त, म्हणून तुकडे वाढतच गेले. आम्ही सगळे कौतुकाने बघत होतो. आमच्याकडे हिशेब बघणाऱ्या मावशींनी तर एकदा हळूच विचारलं, “ताई, बारीक व्हायला मलाही एखादी द्या ना.” तेव्हा मात्र ताई म्हणाल्या, “ही वजन उतरवायची गोळी नव्हे. ज्याला गरज नाही त्याने घेतली तर उतरेल ते वजन नाही, जीव.” दुसऱ्याच्या बाबतीत ताईंना सगळं स्वच्छ दिसतं.

पुढे यजमान काही आठवड्यांसाठी बहिणीकडे गेले. घरात चहा करणारं कोणी नाही. ताई उठायच्या, पाण्याबरोबर गोळी आणि तिचा वाढीव तुकडा घ्यायच्या आणि थेट कामावर यायच्या. इतके दिवस चहा अडवत होता ते सगळं औषध आता पुरतं अंगात जाऊ लागलं.

ताईंना घाम फुटू लागला. झोप उडाली. गाल बसले. आमच्यावर डाफरायला लागल्या. आणि हात, तो ताईंचा हात, थरथरू लागला. चिमट्यातलं वजन पारड्यावर टेकताना टकटक वाजायचं. त्या शांत खोलीत तो आवाज सगळ्यांना ऐकू यायचा आणि सगळे खाली माना घालून बसायचे. साहेबांनी शेवटी बदलीचा कागद तयार केला: मागचं अंगण, मालमोटारींचे काटे. त्यांचाही नाइलाज होता. टनांच्या कामात हात थरथरला तरी चालतो. पण ताईंना अंगणात पाठवणं म्हणजे काय, हे साहेबांना कळत होतं, आणि मलाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी ताई टेबलापाशी उभ्या असताना त्यांचं हृदय उधळलं. ठोक्याला ठोका लागेना. त्यांनी आधी चिमटा पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं आणि मग जमिनीवर बसल्या. मी घाबरलो होतो. आज हसून सांगतोय, पण तेव्हा मला वाटलं, ही बाई आता जाते.

रुग्णालयात डॉक्टरबाई आल्या. ताईंनी सगळं सांगितलं, वजनांसकट. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “गोळीचं वजन केलंत, छान. पण गोळीत बहुतेक सगळं नुसतं भरण असतं. त्यात औषध किती, हे तुमचा तराजू सांगतो का?”

“नाही,” ताईंनी कबूल केलं.

“बरं, हे औषध अंगात साचत जातं. आज मात्रा बदलली तर रक्तातला आकडा स्थिर व्हायला दीड-दोन महिने लागतात. तुम्ही रोज बदलत होतात. तुमच्या खोलीत काटा हलत असताना कुणी दुसरं वजन ठेवलं तर?”

“बाहेर काढते त्याला,” ताई पुटपुटल्या.

“मग आता स्वतःला काढा.”

बाईंनी आणखी एक सांगितलं, की तपासणीतला तो आकडा, म्हणजे मेंदूकडून ग्रंथीला येणाऱ्या हाकेचा, उलटा चालतो. तो वाढला म्हणजे औषध कमी पडतंय आणि घटला म्हणजे जास्त होतंय. असा उलट्या काट्याचा तराजू दुरुस्तीला आला असता तर ताईंनी परत पाठवला असता. शिवाय जास्त औषध वर्षानुवर्षं चाललं तर हाडंही पोखरतात, हेही त्याच दिवशी आम्हाला कळलं.

घरी सोडल्यावर ताई साहेबांना भेटल्या. मी दाराशी होतो. एवढंच म्हणाल्या, “दोन महिने द्या. काटा स्थिरावू द्या, मग वाचा.” साहेब, तुम्ही तो कागद खणात ठेवलात. अध्यक्षस्थानी आहात म्हणून नाही म्हणत, तुमची ही गोष्ट मी कधी विसरलो नाही.

मग आमच्या खोलीत एक नवी पद्धत सुरू झाली. घरी चहाला नाही म्हणणं जमणार नाही, हे ताईंनी ओळखलं होतं. म्हणून त्या चहा व्हायच्या आत उपाशीपोटी घराबाहेर पडू लागल्या आणि गोळी कामावर घेऊन येऊ लागल्या. खोली उघडायची, काचेच्या पेल्यात पाणी, त्याबरोबर बाईंनी ठरवून दिलेली अख्खी गोळी. नाहीतरी तो तास तराजू स्थिर होण्याचाच होता. आणि ताईंना चहा नाही तर आपल्याला कसा, म्हणून आमचा सगळ्यांचा चहा तासभर पुढे गेला. तसं ठरवून कोणी केलं नाही. एक दिवस कोणी मागवलाच नाही, एवढंच.

दोन महिन्यांनी साहेब स्वतः खोलीत आले. ताईंनी पेटीतलं सगळ्यात लहान वजन उचललं, जे तळहातावर ठेवलं तर हरवतं. पारड्यावर ठेवलं. कुणालाही काही ऐकू आलं नाही. साहेब बाहेर गेले आणि तो कागद पुन्हा कधी दिसला नाही.

तेव्हापासून आजपर्यंत ताई त्याच टेबलाशी. आज सकाळीही पेला होता, गोळी होती, तास होता. आमच्या खोलीने ठरवलंय की उद्यापासूनही चहा तासभर उशिराच येईल. गरज नसली तरी.

पण मला काळजी होती ती घरच्या चहाची. म्हणून समारंभाआधी मी यजमानांना बाजूला घेतलं. म्हटलं, “आता काय करणार?” ते म्हणाले, “माझाही चहा तासभर उशिरा.” मी विचारलं, “मग त्या तासात काय कराल?”

ते म्हणाले, “बसू. इतकी वर्षं हा तास तिने तुमच्याबरोबर काढला. आता तो माझ्या वाट्याला येऊ दे.”

ताई, तुमच्या टेबलावरचा हा काचेचा पेला कार्यशाळेच्या सामानात मोडतो. साहेबांची परवानगी मी घेतलेली नाही. तरी तो तुमच्या यजमानांच्या हातात देतो. या हो पुढे, आणि जपून धरा.

पुष्पगुच्छ आणणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, उभं राहून ऐकणाऱ्यांचे, वेळ काढून आलेल्या डॉक्टरबाईंचे आणि हातात घंटी असून न वाजवणाऱ्या साहेबांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तराजूची मूळ चूक समजून ती तेवढी वजा करून घ्यावी.

ताई, आमचं शून्य आता कोण बघणार, हे मात्र मला माहीत नाही. धन्यवाद.