रेषेपलीकडे एक पाऊल

नाही, उठू नकोस, बस — आणि आधी ते वाक्य खोड. ‘शेवटच्या नऊ सेकंदांत ओपलचा पाय घसरला.’ शाळेच्या भिंतीवर, पितळी पाटीवर, माझ्या नावानं हे? शनिवारी तुम्ही पडदा ओढणार आणि मी गावासमोर टाळ्या वाजवायच्या? वर आणखी विचारतेस, शाळेतल्या खेळानं आयुष्यात काय शिकवलं. शिकवलं ना, पोटभर शिकवलं. तू नवी मास्तरीण, तुला कुठून ठाऊक असणार — तुमच्या मुली सगळ्या कोर्टभर हुंदडतात. आमच्या वेळी आयोवातल्या मुली नाजूक. म्हणजे पहाटे उठून बारा गाई पिळणाऱ्या नाजूक. म्हणून बास्केटबॉलच्या कोर्टावर मधोमध रेषा, ती कुणी ओलांडायची नाही. तिघी पलीकडे, त्यांनी चेंडू बास्केटमध्ये टाकायचा. आम्ही तिघी अलीकडे, आम्ही फक्त अडवायचं. हिसकावायचा आणि रेषेवरून मुकाट देऊन टाकायचा. चार वर्षं खेळले, एकही बास्केट नाही. पेपरात पलीकडच्या व्हर्नाचा फोटो, बास्केट तिचे, माझ्या नावापुढे कोरी जागा. फार उपयोगी शिक्षण हो — लग्नात तेच कामाला आलं. कालवडी मी वाढवायच्या, जत्रेतला बक्षिसाचा बिल्ला नवऱ्याच्या, डेल्बर्टच्या कोटावर.

तर फायनल. अठ्ठावन्न साल, डी मॉइन शहरातलं मोठं बंदिस्त मैदान, आम्ही एका गुणानं पुढे. चेंडू मी हिसकावला. पलीकडे व्हर्ना हात पसरून उभी. द्यायचा की संपलं. घसरला म्हणे! कोर्टाच्या लाकडी फळ्या ठणठणीत कोरड्या होत्या, बाई. पाय घसरला नाही, मी टाकला, रेषेपलीकडे. समोर ते बास्केट — चार वर्षं लांबून बघितलेलं — आणि वाटलं, एकदा. गुण धरणार नाहीत हे माहीत असून, एकदा. शिट्टी झाली, चेंडू समोरच्या संघाकडे गेला, त्यांनी बास्केटमध्ये टाकला. हरलो.

मका गुडघ्याएवढा होईपर्यंत गाव माझ्याशी बोललं नाही. चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्हीच. मग चर्चच्याच जेवणात, ताटं भरलेली असताना, व्हर्ना उठली. म्हणाली, “पाय घसरला तिचा. मी पाहिलंय.” त्यानंतर कोण बोलणार? व्हर्नाचा शब्द. पासष्ट वर्षं झाली, अजून माझ्या वाढदिवसाला केक आणते आणि भेटेल त्याला तेच सांगते. भोळी बिचारी. त्या भोळेपणावर मी आयुष्य काढलं, आता पितळेत नको — म्हणून म्हणते, खोड. शनिवारी मीच सांगेन. तिला काय दिसणार होतं तेव्हा, ती तर —

ती चार पावलांवर होती. तोंड माझ्याकडे करून. मी पाय टाकताना बघत होती.

...

काय? काही नाही. कॉफी पी तुझी. खोडलंस का? मग परत लिही. घसरला, असंच. आणि खाली लिही, ‘व्हर्ना हार्म्सनं पाहिलं.’ धडे-बिडे दुसऱ्या कोणाला विचार. ऊठ आता. जाताना दार ओढून घे.