चार नंबरचे हेल्मेट

पुरवणी जबाब. बुधवार, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

जबाब देणारीचे नाव ओळखपत्रावरून वहीत उतरवून घेतले आहे. ट्रॅकवर सगळे तिला काकू म्हणतात. वय ५८ वर्षे. धंदा: वाळूवर चालवायच्या चारचाकी गाड्या भाड्याने देणे. राहणार: ट्रॅकच्या फाटकासमोरचे घर.

कोणी बोलावले नसताना मी आपणहून ठाण्यात हजर होऊन सांगते की, मी वरील ठिकाणी पती, मुलगा आणि सून यांच्यासोबत राहते. मुलगा जहाजावर नोकरीला असून सध्या समुद्रात आहे. त्याला वडील पडले एवढेच कळवले आहे.

गेल्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला याच टेबलाशी माझा जबाब झाला. त्यात "चार नंबरचे हेल्मेट खिळ्यावर कसे आले ते मला माहीत नाही" असे एक वाक्य आहे. ते खोटे आहे. बाकी जबाब खरा आहे. तेवढे वाक्य बदलायला मी आले आहे. एका वाक्यासाठी एवढ्या लांब आलात का, असे हवालदारांनी विचारले. मी हो म्हटले.

आमच्याकडे सात गाड्या आहेत. जाड टायरच्या, उघड्या, अंगठ्याने वेग द्यायच्या. हवालदारांनी रविवारी त्यांना "वाळूतली खेळणी" लिहिले होते, ते आज खोडायला लावले. एका गाडीचे वजन तीन माणसांइतके असते आणि ती उताराला आडवी घातली की उलटते. प्रशासनाने आमच्या भागासाठी नियम केले तेव्हा मी सभेला होते. एका गाडीवर एकच माणूस, सोळा वर्षांखाली कोणी नाही, हेल्मेटशिवाय चाक हलवायचे नाही, झेंड्यांच्या बाहेर जायचे नाही. डांबरी रस्त्यावर तर मुळीच नाही. बंद करायच्या बटणाची दोरी मनगटाला बांधायची, म्हणजे माणूस पडला की इंजिन आपोआप थांबते. दुपारी एक ते तीन ट्रॅक बंद, कारण पलीकडच्या वीटकारखान्यातले कामगार त्याच वाटेने जेवायला येतात. हा शेवटचा नियम मी सभेत भांडून घालायला लावला. फाटकावरची पाटी माझ्या अक्षरात आहे. माझे पती म्हणतात की पाटीपेक्षा मीच फाटकावर उभी राहिले तर लोक जास्त घाबरतील.

माझे दीर या नियमांना नखरे म्हणतात. गेल्या वर्षी ते दोन्ही नातवंडांना पुढे-मागे बसवून एका गाडीवर निघाले होते. मी फाटकात आडवी उभी राहिले आणि चावी काढून घेतली. तेव्हापासून आमचे बोलणे कामापुरतेच आहे. माझ्या सुनेविरुद्ध हलगर्जीपणाची तक्रार त्यांनीच दिली आहे, म्हणून हे सांगितले. ते खोटे बोलले असे माझे म्हणणे नाही. त्यांना जे दिसले ते त्यांनी सांगितले.

आमच्याकडे गाड्या मोजत नाहीत, खिळे मोजतात. हे नीट लिहून घ्यावे. गाड्या कधी धुवायला मागे असतात, कधी पेट्रोल भरायला कडेला, कधी टायर काढून शेडमध्ये. त्या मोजून काही कळत नाही. म्हणून ऑफिसच्या भिंतीवर सात खिळे आहेत आणि गाडीच्या नंबरचे हेल्मेट त्या नंबरच्या खिळ्यावर टांगतात. गाडी बाहेर गेली की हेल्मेट डोक्यावर आणि खिळा रिकामा. सातही खिळे भरले की सगळे आत आले. मग फाटकाला साखळी लावायची आणि नोंदवहीत "सर्व आत" लिहून सही करायची. पर्यवेक्षकाचा परवाना सुनेच्या नावावर आहे, त्यामुळे साखळी आणि सही तिची. ही पद्धत पतींनी बसवली. नऊ वर्षांत ती एकदाही चुकली नाही.

रविवारी दुपारी बारा चाळीसला शेवटचे गिऱ्हाईक परत आले. त्या एक शिक्षिका होत्या. जाताना त्यांनी सांगितले की तिसऱ्या वळणावरचा झेंडा पडला आहे. पती म्हणाले, "दोन मिनिटांत लावून येतो." ते चार नंबरची गाडी घेऊन गेले. मी तेव्हा मागच्या अंगणात पाण्याची टाकी बघत होते. ते गेले हे मला माहीत नव्हते. सकाळीच त्यांनी दुपारी बाजारात गाड्यांचे प्लग आणायला जाणार असे सांगितले होते.

त्यांनी हेल्मेट घातले नाही. ऊन होते आणि दोन मिनिटांचे काम होते. परंतु ते बाहेर आहेत हे कळावे म्हणून त्यांनी हेल्मेट खिळ्यावरून काढले आणि दाराजवळच्या बाकावर ठेवले. म्हणजे एक नियम मोडला आणि दुसरा पाळला. माझ्याशी पस्तीस वर्षे संसार केलेला माणूस नियम मोडतानाही अर्धाच मोडतो.

बारा पंचावन्नच्या सुमारास मी अंगणातून आत आले. हेल्मेट बाकावर उलटे पडले होते. आमच्या घरी वस्तू जागच्या जागी नसली की मला चैन पडत नाही, हे गल्लीतल्या कोणालाही विचारावे. मी ते उचलले, आतली वाळू झटकली, काच पुसली आणि चार नंबरच्या खिळ्यावर टांगले. कोणी ठेवले, का ठेवले, हे माझ्या मनातही आले नाही. पसारा आवरला एवढेच वाटले.

एक वाजता सुनेने खिळे मोजले. सात भरलेले होते. तिने साखळी लावली, वहीत लिहिले आणि सही केली. ती चुकली नाही. तिच्या जागी मी असते तरी हेच केले असते. तिच्या जागी पती असते तरी हेच केले असते.

आम्ही दोघी घरी जेवलो. पतींचे ताट झाकून ठेवले. प्लगच्या दुकानात गप्पा मारत बसले असतील असे मी म्हणाले आणि त्यावर आम्ही हसलोही. ते हसणे लिहू नका असे मी हवालदारांना म्हटले. त्यांनी लिहिले.

तीन वाजता सून गाड्या बाहेर काढायला गेली तेव्हा चार नंबर कुठेच नव्हती. ती हेल्मेट घालून एक नंबरच्या गाडीवर निघाली. तिसऱ्या वळणाच्या खाली, खड्ड्यासारख्या जागेत, पती गाडीखाली होते. एका हातात झेंड्याची काठी धरून ते तिरके चढावर गेले होते आणि गाडी त्यांच्या अंगावर आली. दोरी मनगटाला होती, म्हणून इंजिन थांबले. नाहीतर गरम इंजिन आणि फिरती चाके यांच्याखाली काय झाले असते ते मी सांगू शकत नाही. रविवारी कारखाना बंद असतो, म्हणून वाटेवर कोणी फिरकले नाही.

सुनेला एकटीला गाडी उचलेना. तिने स्वतःचे हेल्मेट काढले आणि त्याने त्यांच्या पायाखालची वाळू उपसली. वीस मिनिटे उपसली. पाय मोकळा झाल्यावर त्यांना बाजूला ओढले आणि मग मला फोन केला. रुग्णवाहिका तीन पंचावन्नला आली. तिच्या दहाही बोटांची नखे तुटली आहेत. हे डॉक्टरांच्या कागदात नाही, कारण तिने ती कोणाला दाखवली नाहीत. मी पाहिली आहेत.

पतींच्या तीन बरगड्या मोडल्या आहेत. डावा पाय अडीच तास दबून राहिला. तो वाचला आहे, पण त्यात जाणीव परत येईल की नाही हे डॉक्टरांना आज सांगता येत नाही. "एक वाजता आणले असते तर मी एवढा विचार करत बसलो नसतो," असे ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी रविवारी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये, आम्हा सगळ्यांसमोर म्हटले. मी, सून आणि दीर तिथे होतो.

दीर सुनेला म्हणाले, "सात खिळे मोजता येत नाहीत तुला? माझा भाऊ दोन तास तिथे पडून होता आणि तू जेवत होतीस!" सून म्हणाली, "मोजले मी काका. सातही भरले होते." दीर म्हणाले, "मग चार नंबरचं काय आपोआप चालत आलं?" मी शेजारी थर्मास धरून उभी होते.

मला त्या क्षणी आठवले. त्याआधी नाही. हे मी शपथेवर सांगते. त्या क्षणी मला बाक दिसला, आणि माझा हात दिसला.

मी बोलले नाही. कारण विचारल्यास सांगते. पाटी माझी, नियम माझे, चावी काढून घेणारी मी. दिरांच्या तोंडावर मला ते म्हणवेना. थोड्या वेळाने बोलू असे वाटले. तेवढ्यात ते तक्रार द्यायला निघाले, मग माझा जबाब झाला, आणि मग ते वाक्य कागदावर गेले. कागदावर गेलेले वाक्य माझ्याने मोडवेना. सुनेचा परवाना निलंबित झाला आहे आणि गुन्हा सिद्ध झाला तर तो पुन्हा मिळणार नाही, हे मला सोमवारी कळले. तिने तो परवाना पोटुशी असताना परीक्षा देऊन मिळवला होता. ते मूल राहिले नाही, परवाना राहिला. सोमवारी आणि मंगळवारी तिने मला वेळेवर चहा दिला, दवाखान्यात डबा नेला. मी तो चहा प्यायले. मला माझीच लाज वाटते, असे लिहावे.

आज सकाळी आठ वाजता पती पहिल्यांदा नीट बोलले. खोलीत मी एकटीच होते. त्यांनी विचारले, "इतका वेळ का लागला गं? खिळा रिकामा होता की." मी सांगितले की रिकामा नव्हता. ते म्हणाले, "असं कसं? मी मुद्दाम बाकावर ठेवलं होतं." मी म्हटले, "मी टांगलं." ते हसायला लागले, आणि बरगड्यांमुळे त्यांना हसवेना, डोळ्यांतून पाणी आले. "तरी म्हणायचो, तुझा टापटीपपणा एक दिवस माझा जीव घेणार," असे म्हणाले. मग म्हणाले, "पोरीला सांगितलंस का?" मी नाही म्हटले. तेव्हा त्यांचे हसणे थांबले. ते म्हणाले, "मग इथे काय बसलीस? ऊठ."

मी उठले आणि इथे आले.

माझे म्हणणे असे आहे की सुनेविरुद्धची तक्रार चुकीच्या माणसाविरुद्ध आहे. हेल्मेट न घालता गेले ते माझे पती, आणि ते टांगले मी. माझ्यावर काय कारवाई करायची ती करावी. दिरांना मी आज स्वतः जाऊन सांगणार आहे. ते काय बोलतील ते ऐकून घेणार आहे. नियम बदलायचा झाला तर माझी एक सूचना आहे. ज्याने हेल्मेट काढले त्यानेच ते परत टांगावे, दुसऱ्या कोणीही हात लावू नये. पाटीवर हे मी लिहीन, चालत असल्यास.

जबाब संपला असे हवालदार म्हणाले. मी विनंती केली की वाचून दाखवाल तेव्हा सुनेला आत बोलवावे. तिनेच मला गाडीतून आणले आहे आणि ती बाहेर थांबली आहे. वाटेत तिने कशासाठी चाललो ते विचारले नाही. तिला समोर बसवून हे सांगणे मला घरी तीन दिवसांत जमलेले नाही. वाचणारा दुसरा असला तर मी बसून राहीन. हवालदारांनी साहेबांना विचारून परवानगी दिली.

सून आत आली व माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. हवालदारांनी सगळा जबाब वाचला. वाचून झाल्यावर ती त्यांना म्हणाली, "एक राहिलंय. हेल्मेट टांगताना आई गुणगुणत होत्या. मी काउंटरमागे कप विसळत होते, मला दिसत होत्या. मला वाटलं बाबा झेंडा लावून आले. पण बाबा बाहेर आहेत हे आईंना माहीत असतं तर त्या गुणगुणल्या असत्या का? हे पण लिहा."

हे बरोबर आहे का, असे हवालदारांनी मला विचारले. गुणगुणत होते की नाही ते मला आठवत नाही. ती तिथे होती हे मला आज कळले. म्हणजे कॉरिडॉरमध्ये दिरांनी विचारले तेव्हा उत्तर तिला माहीत होते, आणि रविवारपासून मी ज्याच्या भीतीने गप्प होते ते तिने कोणालाच सांगितले नाही. मी तिला विचारले, "का नाही बोललीस?" ती म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

येणेप्रमाणे लिहिलेले सर्व मला व माझ्या सुनेला एकत्र बसवून मोठ्याने वाचून दाखवले. गुणगुणण्याचा मजकूर तिच्या सांगण्यावरून घातला आहे व त्यापुढे तिची सही आहे. बाकीचे माझ्या तोंडचे असून खरे आहे. खाली माझी सही आहे.